तारकर्लीची वजाबाकी, डोंबिवलीची बेरीज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सहलीत तारकर्ली मुक्कामी, रात्रीच्या जेवणाआधी केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून देत आहे. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी भरल्या आहेत, बाकी तसंच ठेवलं आहे.)



कालपासून प्रत्येक जण मला एकच विचारतोय, "काका, एवढं सुंदर गाव सोडून तुम्ही डोंबिवलीला कशाला आलात?" समुद्र बघून विचारतायत, कर्लीच्या खाडीतून बोटीने फिरून आल्यावर विचारतायत, आज दुपारी सुरमईचं ताट बघून तर तिघांनी विचारलं. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर इथे पाणी होतं, हवा होती, मासे होते, पगार नव्हता. पण समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. आकड्यांशिवाय मला बोलता येत नाही, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत तुम्ही पंचवीस वर्षं सहन केलं आहे. आज मोजकेच आकडे आणले आहेत.

२००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातल्या फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. दोन तुम्ही ओळखाल, एक रत्नागिरी आणि दुसरा आपण बसलो आहोत तो सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती, ती ८,४९,६५१ झाली. तिसरा जिल्हा कोणता? मघाशी जेवताना मी चौघांना विचारलं. एक गडचिरोली म्हणाला, एक नंदुरबार. तिसरा जिल्हा आहे मुंबई शहर! उपनगरं नव्हेत, मूळची मुंबई, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची. तिथली वस्ती ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. अडीच लाख माणसं कमी.

म्हणजे ज्या गावातून माणसं निघाली ते गाव आटलं, आणि ज्या मुंबईत ती गेली तीही आटली. शाखेत दोन्ही बाजूंना वजाबाकी दिसली की आमचे जुने मॅनेजर म्हणायचे, तिसरं खातं शोधा, पैसा कुठेतरी पडलेला असणार. इथे तिसरं खातं म्हणजे ठाणे जिल्हा. त्याच दहा वर्षांत तो ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. पालघर तेव्हा वेगळा झालेला नव्हता हे खरं, पण तरी देशातला सगळ्यात जास्त वस्तीचा जिल्हा ठरला. त्यात सगळ्या देशातून आलेली माणसं आहेत, तिथेच जन्मलेली पोरं आहेत, सगळी बेरीज कोकणातल्यांची नाही. पण लालबाग-परळमधून उठून कल्याण-डोंबिवलीला आलेली जी आहेत, त्यातले निम्मे मला इथे समोर दिसतायत.

आता हे घडलं कसं ते सांगतो.

माझे वडील १९४० च्या दशकात बोटीने मुंबईला गेले. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. तिथवर पडावातून जायचं आणि वर चढायचं. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा जून ते सप्टेंबर गावात कोणी वारलं तरी मुंबईकराला येणं सोपं नसे. वडील लालबागला उतरले ते गाववाल्यांच्या खोलीत. त्या खोलीत पंचवीस-तीस माणसं होती असं ते सांगत, आणि हे तरुण मंडळींना खरं वाटत नाही. पण गिरण्या पाळ्यांत चालायच्या. एक उठून कामाला गेला की दुसरा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. ट्रंक आणि वळकटी एवढाच संसार. जेवण खानावळीत, हिशेब पगाराच्या दिवशी. खानावळ चालवणाऱ्या बाया बहुतेक कामगारांच्याच घरच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. बँकेतला म्हणून मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण हातावर पोट असलेल्या बाईला तारणाशिवाय कर्ज द्यायचं, ही गोष्ट तोवर आमच्या लोकांच्या पचनीच पडत नव्हती.

त्या मुंबईची रचना अगदी सोपी होती. भोंगा ऐकू येईल तिथपर्यंत माणूस राहायचा. गिरणी, तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर चाळ, चाळीखाली खानावळ आणि वाणी. पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. पुढे साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या शंभरातली ऐंशीहून अधिक माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. म्हणजे 'मूळ मुंबईकर' हा शब्द आज आपण जितक्या तावातावाने वापरतो, तितका तेव्हा वापरायला माणसंच नव्हती.

पण एक लक्षात घ्या. त्या शहराने वडिलांना काम दिलं, जागा नाही दिली. गिरणीत 'बदली' म्हणून उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर दिवस भरायचा. त्या भरवशावर बायको-पोरांना कोण आणणार? म्हणून आई इथेच राहिली, मी आणि माझ्या दोन बहिणी इथेच वाढलो. दर महिन्याला पोस्टमन यायचा. मनीऑर्डरच्या कुपनवर खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, वडिलांचं सगळं पत्र तेवढंच. शेती आई करायची, पण भातावर वर्ष निघत नसे. मनीऑर्डर आणि शेती या दोन्ही मिळून एक घर चाललं. गिरणीमालकाला मजूर स्वस्त पडला, तो याच कारणाने. त्याच्या मुलांना वाढवायचा खर्च तारकर्लीतल्या बायका करत होत्या.

याची खूण अजून पुसलेली नाही. २०११ मध्येसुद्धा सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या, रत्नागिरीत १,१२२, आणि मुंबई शहरात ८३२. इथे कमी पडलेले पुरुष तिथे जास्त झालेले दिसतात. एकाच वहीची दोन पानं.

मी १९६८ मध्ये एस.टी.ने मुंबईत आलो. मामा वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. सरकारने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे अशा २०७ चाळी बांधल्या, एकेका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्या सोसायटीतला हॉल यापेक्षा थोडा मोठा आहे. त्यात आम्ही सात जण होतो. मी रात्री गॅलरीत दिव्याखाली अभ्यास करून पदवी घेतली, १९७१ मध्ये बँकेत लागलो. आणि लग्न ठरायची वेळ आली तेव्हा कळलं, की पगार आहे पण मुंबईत भाड्याने खोली मिळत नाही.

का मिळत नव्हती? १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. हेतू चांगला होता, युद्धानंतर घरमालक वाटेल ते भाडं मागत होते. पण तो कायदा दर काही वर्षांनी पुढे पुढे ढकलला गेला. पाच-दहा रुपये भाड्यात इमारतीची डागडुजी होत नाही, मग नवीन इमारत भाड्याने द्यायला बांधणार कोण? ज्यांच्याकडे खोली होती ते सुखी, बाकीच्यांना पागडी. माझ्या पिढीला भाड्याचा रस्ता बंद झाला, म्हणून आपण मालकीकडे वळलो. मालकी म्हणजे सहकारी सोसायटी. ही कल्पना काही आपल्या बिल्डरची नव्हे हो! गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे गृहस्थ. आज आपण ज्या कायद्याखाली नोंदलेलो आहोत तो १९६० चा. पंचवीस वर्षं पूर्ण केल्याचा आपला आनंद रास्त आहे, पण या घराण्यात आपण धाकटेच.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार. माझा चुलतभाऊ त्यात होता. पहिले काही महिने तो इथे येऊन राहिला, रापण ओढायला जायचा. वाट्याला आलेले मासे घेऊन घरी यायचा आणि म्हणायचा, "ह्या माझ्या हाताक जमणा नाय आता." वीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस. तो परत गेला. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, गिरण्या मात्र एकेक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे फक्त रिकाम्या जमिनीपुरते उरले, ज्या जमिनीवर बांधकाम होतं ती बाहेर गेली. मालकाचा वाटा फुगला, बाकीचे दोन सुकले. मुंबई शहर का आटलं, याचं मोठं उत्तर मला त्या एका दुरुस्तीत दिसतं. चुलतभाऊ नालासोपाऱ्याला गेला.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. १९९६ पासून जवळजवळ दहा वर्षं मी शाखेत गृहकर्जं पाहिली. तुम्हाला वाटत असेल, शहर कुठे वाढणार हे नगररचनाकार ठरवतात. मी सांगतो, हप्ता ठरवतो. समोर नवरा-बायको बसायचे. मी पगाराची स्लिप बघायचो, कपाती वजा करायचो, हप्ता किती झेपेल ते काढायचो. त्यावरून कर्ज किती, कर्जावरून फ्लॅट केवढ्याचा, आणि तेवढ्यात घर कुठल्या स्टेशनला मिळेल हे मला पत्ता न विचारता कळायचं. भांडुप? नाही. ठाणे? नाही. मग नवरा टाइमटेबल काढायचा, आणि दोघं हळू आवाजात बोलायचे. तेव्हा व्याजाचा दर पंधरा-सोळा टक्के होता, २००३-०४ पर्यंत तो आठाच्या आसपास उतरला. १९९९ च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत ३० हजारांवरून ७५ हजारांवर नेली, २००१ पर्यंत ती दीड लाख झाली. आपल्या तिन्ही विंगची विक्री १९९९-२००० मध्ये इतकी भराभर कशी झाली, याबद्दल बिल्डरच्या माणसाने आपल्याला बरंच काही सांगितलं होतं. खरं कारण दिल्लीत सादर झालेल्या त्या बजेटमध्ये होतं. मीही तेव्हाच घेतलं, त्याआधीची वीस वर्षं डोंबिवलीतच एका खोलीत काढून.

म्हणजे वडिलांचं शहर भोंग्याभोवती होतं, आपलं शहर हप्ता आणि लोकल यांच्यात ताणलेलं. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर. घरापासून टेबलापर्यंत जाऊन-येऊन अडीच तास. वर्षाचे २८० दिवस धरा, तीस वर्षं धरा. २१,००० तास होतात. दिवसांत मांडले तर ८७५, म्हणजे रात्रंदिवस जवळपास अडीच वर्षं मी लोकलच्या प्रवासात होतो. त्यातली निम्मी तरी एका पायावर! आणि हे टळण्यासारखं होतं. १९६५ मध्येच चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं होतं, की मुंबईला उत्तरेकडे लांबट वाढवू नका, खाडीपलीकडे दुसरं शहर उभं करा आणि कामधंदा तिकडे हलवा. १९७० मध्ये सिडको झाली, नवी मुंबई झाली. पण सरकारने स्वतः नरिमन पॉइंट सोडला नाही, उलट तिथे समुद्रात भर टाकून टॉवरना जागा दिली. घरं एकीकडे गेली, नोकऱ्या दुसरीकडे राहिल्या, आणि मध्ये ७.५२ ची फास्ट.

इकडे तारकर्लीत काय चाललं होतं? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. आम्हाला वाटलं, आता माणसं परत येतील. गाडी दोन्ही दिशांना धावते हे आम्ही विसरलो. गणपतीला घरं उघडायची, अनंत चतुर्दशीनंतर कुलूप, ही पद्धत रेल्वेने आणखी सोपी केली. पण जे इथेच राहिले होते, ज्यांना आम्ही मुंबईकर मंडळी जरा कमी समजायचो, त्यांनी निवास-न्याहारी सुरू केली. आपण उतरलो आहोत ते घर त्यातलंच. आता शहर चालत इथे आलं आहे. पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या, पाण्याचे टँकर, पार्किंगवरून भांडणं. पुढे देवबागला जाल तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी. त्या वाळूत थोडंसं गोडं पाणी, त्यावर विहिरी, आणि विहिरीच्या शेजारी पाहुण्यांच्या संडासाचे खड्डे. जनगणनेत सिंधुदुर्गाची शहरी वस्ती जेमतेम साडेबारा टक्के दिसते, राज्यात ४५. पण दिवाळीच्या सुट्टीत या किनाऱ्यावर उभं राहून कोणी हे गाव आहे असं म्हणून दाखवावं.

आमच्या घराच्या सातबाऱ्यावर आज २३ नावं आहेत. नालासोपारा, बदलापूर, बडोदा, एक दुबईला. गिऱ्हाईक येऊन गेलं आहे, आणि भाव ऐकून आमच्यातल्या काही जणांना गावाची ओढ अचानक कमी झाली आहे. माझी सही मिळणार नाही, हे त्यांना माहीत आहे. माझ्यानंतर काय होईल ते होईल.

आणि काल आपल्याला वाढणारा जो मुलगा होता, ज्याला सगळे "भाऊ, सोलकढी" म्हणत होते, तो नेपाळचा आहे. मी त्याच्याशी बोललो. मागच्या खोलीत पाच जण राहतात. बायको तिकडे, एक मुलगी आहे, पैसे फोनवरून पाठवतो. मी त्याला विचारलं, बायकोला का आणत नाहीस? तो हसला आणि म्हणाला, "जगह कहाँ है, अंकल?" तारकर्लीत, मंडळी! जिथली निम्मी घरं कुलुपात आहेत, त्या तारकर्लीत.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. सेक्रेटरींकडून कालच आकडे घेतले. आपल्या ४८ सदनिकांपैकी ७ बंद आहेत आणि १३ भाड्याने दिलेल्या आहेत. म्हणजे २० सभासद सोसायटीत राहत नाहीत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला, काही आई-वडील मुलांकडे. पंचवीस वर्षांपूर्वी हा आकडा शून्य होता. तारकर्लीला कुलुपं लागायला दोन-तीन पिढ्या लागल्या, आपल्याला एकच पुरली.

त्या १३ घरांत माणसं राहतात. त्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर खेळतात, पाणी गेलं की तीही बादल्या भरतात. पण आपण त्यांना नावाने ओळखत नाही. "बी विंगमधले ३०२ वाले" म्हणतो. या सहलीचं पत्रक त्यांच्या दारावर लावलं नव्हतं, ते आयत्या वेळी दोन बायकांनी जाऊन सांगितलं म्हणून आज इथे दोन कुटुंबं तरी आहेत. गेल्या सभेत कोणी म्हणालं, भाडेकरूंकडून जास्त वसूल करा. ते करता येणार नाही. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सरकारने २००१ मध्येच ठरवून दिलं आहे, आणि ते द्यायचं असतं सभासदाने. दुसरी सूचना होती, अविवाहित मुलांना जागा देऊ नका. गाववाल्यांच्या खोलीत पंचवीस एकट्या पुरुषांबरोबर राहिलेल्या बापाचा मी मुलगा, मी याला हात वर कसा करू? तुमच्यापैकी किती जणांचे वडील, आजोबा असेच राहिले, ते घरी जाऊन विचारा. माझा स्वतःचा मुलगा आज वाकडला भाड्याने राहतो. तिथल्या सोसायटीत तो फक्त एक फ्लॅट नंबर आहे, तीन वर्षं झाली.

काही जण म्हणतात, भाडेकरू अकरा महिन्यांचा, त्याला सोसायटीचं काय प्रेम असणार. असेल कसं? वडिलांना मुंबईचं प्रेम कधी वाटलं नाही, वाटावं असं तिने काही केलंही नाही. तरी तिच्या गिरण्या तीस वर्षं चालवून दिल्या त्यांनी.

स्मरणिकेच्या शेवटी रहिवाशांची यादी छापायची आहे. समितीसमोर जो मसुदा आहे त्यात फक्त सभासदांची नावं आहेत. बंद असलेल्या सात घरांची आहेत, अमेरिकेत असलेल्यांची आहेत, आणि रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या तेरा कुटुंबांची नाहीत. ती घालावीत असा माझा प्रस्ताव आहे. सभासदत्वाचा, मतदानाचा यात काही संबंध नाही, शेअर सर्टिफिकेट कोणी मागत नाही. आज राहतं कोण, एवढंच छापायचं. प्रत्येकाला विचारून, फोन नंबर द्यायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवून.

यादीचं काम मी करतो. सोमवारपासून रोज संध्याकाळी ६ ते ७ मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. तेरा घरांना मी स्वतः वर जाऊन सांगेन. फक्त सी विंगची लिफ्ट तेवढी तोवर दुरुस्त करून ठेवा.